गल्लीची उंची : मधल्या पुऱ्याचं एक प्रकरण

माझ्या मोठ्या आईच्या घराला रस्त्यापासून दोन पायऱ्या होत्या. पायऱ्या चढल्या की ओटा, ओट्याला लागून ओसरी, मग माजघर. खालच्या पायरीवर बसून मी शेंगा सोलल्या आहेत, भुलाबाईच्या दिवसांत खिरापतीचा डबा पदराआड लपवून बसलेल्या मैत्रिणींना तिथेच भंडावून सोडलं आहे. अलीकडे त्या घरातून बाहेर पडलं की पाय सरळ रस्त्यावर पडायचा. पायऱ्या कोणी तोडल्या नव्हत्या. त्या सिमेंटखाली गेल्या होत्या.

टेप लावून मोजलं तेव्हा ३८ सेंटिमीटर भरले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्या गल्लीत आधी खडीकरण झालं, मग तीनदा काँक्रीट, आणि दर वेळी नवा थर जुन्याच्याच डोक्यावर ओतला. पावसाचं पाणी ओट्यावर चढायचं, झड लागली की ओसरीत शिरायचं. म्हणून मोठ्या आईने ओट्याच्या कडेला दोन विटांची पाळ बांधून घेतली. पाळ आली तेव्हापासून ओट्यावर पाय सोडून बसता येत नव्हतं, आणि तसं बसता येत नव्हतं म्हणून कोणी बसत नव्हतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, “आता कोन बसते व माय ओट्यावर. बसलं त गाडीचा आरसा डोक्याले लागते.”

मी वास्तुविशारद आहे, तालुक्याच्या गावी काम करते. हे गाव माझं माहेर. अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीकडच्या बाजूला. नाव देत नाही, कारण इथली काही भांडणं अजून मिटायची आहेत. पण काम जसं झालं तसं, चुकांसकट, मांडून ठेवावं असं वाटतं, कारण विदर्भातल्या बहुतेक जुन्या गावठाणांत हेच चालू आहे आणि त्याला सगळे विकास म्हणतात.

मधला पुरा

शुक्रवारी बाजार भरतो असं हे गाव. गावठाण जुनं, दाट. मधला पुरा म्हणजे साधारण शंभर मीटर लांब आणि नव्वद मीटर रुंद असा तुकडा. एका अंगाला बाजारगल्ली, दुसऱ्या अंगाला मारुतीची गल्ली, तिसरीकडे आखराचा रस्ता आणि चौथीकडे बौद्धपुरा. घरांच्या भिंती एकमेकींना लागून. काही घरं अजून कवेलूची, बरीचशी आता स्लॅबची. आतून दोन गल्ल्या जातात आणि जुन्या कोंडवाड्यापाशी भेटतात. रुंदी अरुंद जागी २.६ मीटर, ऐसपैस जागी ४ मीटर.

दाटी ही इथली अडचण नव्हती, हे आधीच सांगते. पिठाची चक्की, शिलाईवाली, अंगणवाडी, किराणा, मारुतीचा पार, सगळं शंभर-दीडशे पावलांत. शहरातल्या लोकांना जे पैसे मोजून मिळत नाही ते इथे आपसूक होतं. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला म्हातारी माणसं काठी टेकत पाराशी पोहोचायची. तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरायचे, तेव्हा आखी गल्लीच अंगण व्हायची. अडचण ही होती की माणसं घराच्या कडेवरून आत सरकली होती, आणि कडेवर राहिल्या होत्या मोटारसायकली, नालीतला गाळ आणि पाण्याला अडवायच्या पाळी. मोठ्या आईच्या बाजूला अकरा ओटे आहेत. त्यांतल्या आठांवर एक तर पाळ होती, नाही तर लोखंडी जाळी.

त्यातच बसस्टॉपवरून जिनिंगकडे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याकडे, जायचा जवळचा रस्ता याच पुऱ्यातून. हंगामात मोटारसायकली, मालवाहू ऑटो, कधी रिकामा ट्रॅक्टर, सगळे इथूनच काढतात. काँक्रीट जितकं गुळगुळीत तितका वेग जास्त.

ग्रामपंचायतीने मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. गल्लीवर चौथा थर टाकायचा होता आणि पडक्या कोंडवाड्याच्या जागी उद्यान करायचं होतं: तारेचं कुंपण, फाटक, व्यायामाची हिरवी यंत्रं, गावाच्या नावाची रंगीत अक्षरं. मला फक्त नकाशा काढून द्यायचा होता.

बाहेर काय झालं

पहिल्याच बैठकीत गावातल्या एका अभियांत्रिकीच्या पोराने मोबाइलवर बार्सिलोनाची चित्रफीत दाखवली. चौकात टेबलं मांडलेली, मुलं खेळतात, गाड्या नाहीत. “ताई, आपल्याकडं असं होईन काय?”

त्याला तेव्हा जे सांगितलं तेच इथे सांगते. बार्सिलोनाचा तो भाग इल्डेफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ साली आखला. प्रत्येक चौकोन ११३ मीटरचा, कोपरे छाटलेले, रस्ते २० मीटर रुंद. सेर्दाच्या मनात चौकोनाच्या दोनच बाजूंना घरं आणि मध्ये बाग होती, पण पुढे चारही बाजू बांधल्या गेल्या आणि बागा गेल्या. मग रस्त्यांवर गाड्या आल्या. तिथलेच नगर-पर्यावरणतज्ज्ञ साल्वादोर रुएदा यांनी मांडलेली कल्पना अशी, की असे नऊ चौकोन मिळून, म्हणजे सुमारे ४०० मीटरचा एक मोठा चौकोन धरायचा. पलीकडे जाणारी वाहनं त्याच्या बाहेरून न्यायची, आतल्या रस्त्यांवर फक्त तिथल्या रहिवाशांची, तीही ताशी १० किलोमीटरने. २०१६ साली पोब्लेनोऊ भागात हे केलं तेव्हा सुरुवातीला जुने टायर, रंग आणि कुंड्याच मांडल्या होत्या. लोकांनी विरोध केला, काही गोष्टी बदलल्या, मग बाकं आणि झाडं कायमची बसली.

आमचा आखा मधला पुरा त्यांच्या एका चौकोनातही मावून थोडी जागा उरेल. त्यांच्याकडे परत मागायला २० मीटर रुंदीचा रस्ता होता, आमच्याकडे जेमतेम तीन. गाड्या बाहेर काढून आम्हाला बाग मिळणार नव्हती. पण दोन गोष्टी उचलण्यासारख्या होत्या. पलीकडे जाणाऱ्या वाहनाला वळसा घालायला लावणं ही एक, आणि आधी कच्चं मांडून पाहणं ही दुसरी.

मला स्वतःला जास्त उपयोग झाला तो शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांच्या जुन्या पाहणीचा. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले एकमेकांसारखेच तीन रस्ते तपासले. जिथून दिवसाला सुमारे २,००० वाहनं जात तिथल्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जिथून १६,००० जात तिथे एकही धड नव्हता. वर्दळीच्या रस्त्यावरचे लोक पुढच्या खोल्या सोडून मागच्या खोल्यांत राहायला लागले होते. आमच्या गल्लीत हजारोंनी वाहनं नाहीत. पण मागे सरकणं तेच आहे. तिथे गाड्यांनी जे केलं ते इथे निम्मं पाण्याने केलं, आणि पाण्याला वर आणलं आपण ओतलेल्या थरांनी.

नेदरलँड्समध्ये फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणून माणसांना आधी हक्क देणाऱ्या गल्ल्यांना १९७६ साली कायद्याने मान्यता मिळाली. आपल्या गल्ल्यांना वेगळा फुटपाथ कधीच नव्हता. पातळी एकच, आणि तिच्यावर बसायला दोन्ही बाजूंना ओट्यांची रांग. ती रांगच बुडाली होती. म्हणून मी ग्रामपंचायतीला कळवलं की चौथा थर टाकू नका, आधीचे तीन काढा.

उंची उतरवणं

ग्रामसभेत यावर जे व्हायचं ते झालं. एक काकाजी उठले: “चांगला रस्ता कावून फोडता? लोकं रस्ता मांगते, तुमी फोडाले सांगता.” त्यांचं चुकत नव्हतं. पुऱ्यातल्या लोकांनी चिखलात दिवस काढलेत. काँक्रीट म्हणजे त्यांच्या लेखी मोठ्या खटपटीने मिळालेली गोष्ट.

पण थर का चढतात ते समजून घेतलं पाहिजे. आपली माती काळी, कापसाची. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरूम नीट न दाबता पातळ काँक्रीट टाकलं की दोन-चार पावसाळ्यांत ते तडकतं. तडकलं की नवं काम मंजूर होतं. जुनं फोडून वाहून नेणं कटकटीचं, वरून ओतणं सोपं, आणि मोजमाप वहीत दोन्ही ‘रस्ता’ म्हणूनच लागतं. अंदाजपत्रकात जुनं काँक्रीट फोडायची बाब घालता येते, ती कोणी घालत नाही एवढंच. अशा प्रत्येक थरासोबत घर एक पायरी खाली जातं आणि घरमालक आपल्या खर्चाने जोतं, ओटा, उंबरा वर घेत राहतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो घर उंच करतो, त्याच्या शेजाऱ्याकडे पाणी जातं. आमच्या पुऱ्यात निम्मी भांडणं या उंचीची होती.

आधी पाहायचं होतं ते हे, की गल्ली खाली नेली तर पाणी जाणार कुठे. मिस्त्री आणि मी दोन सकाळी पारदर्शक नळीत पाणी भरून कोंडवाड्यापासून नाल्यापर्यंत पातळी घेत गेलो. तो नळीचं एक टोक मोठ्या आईच्या बुडालेल्या पायरीच्या जागी धरून उभा, दुसरं टोक माझ्या हातात, आणि मधे पंधरा पोट्टे पाणी थरथरतं कसं ते पाहत. नळीतलं पाणी थांबलं की भिंतीवर खडूची रेघ ओढायची. रेघांनी सांगितलं की ३५ सेंटिमीटर उतरता येतं, ३८ नाही. शेवटच्या टप्प्यात नाल्याचं तोंडच वर आलं होतं. तीन सेंटिमीटर सोडून दिले.

काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावला तेव्हा उकरलेल्या कडेला थर स्वच्छ दिसत होते. सगळ्यांत खाली खडी, तिच्याखाली काळा दगड, आणि मोठ्या आईच्या दारात ती खालची पायरी, कडेने झिजलेली, जशीच्या तशी. ती पायरी बघायला बायका आल्या. एकीने तिच्यावर पाणी ओतून हाताने घासली.

नळाच्या पाइपांनी त्रास दिला. अलीकडच्या योजनेतली नळजोडणी काँक्रीटच्या पोटात इतकी वर टाकली होती की ती आठ ठिकाणी फुटली. पाच दिवस पुऱ्याला टँकरचं पाणी प्यावं लागलं. हे मी आधी धरायला हवं होतं. जो कोणी असं काम करेल त्याने पाइप आधी शोधून खाली घ्यावा, मग ब्रेकर आणावा.

सांडपाण्याचं दुसरं कोडं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून नाल्या आणि डास दोन्ही घालवले, ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं आणि तसंच करा असा आग्रह होता. काळ्या मातीत उथळ शोषखड्डा दोन महिन्यांत तुंबतो, कारण ती माती फुगली की पाणी सोडत नाही. खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो. जिथे मुरूम लवकर लागला तिथे खड्डे केले. बाकीच्यांसाठी एकाच बाजूला नाली, वर काढता-ठेवता येणारी फरशी. दोन उघड्या नाल्यांची जागा एका झाकल्या नालीने घेतली, तेव्हा चालायला आणखी हातभर रुंदी मिळाली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता. सांडपाण्याचं काम त्यात बसलं, फोडणं आणि फरसबंदी उरलेल्या अबंधित निधीतून. त्यामुळे पैसे पुरले ते कोंडवाड्यापर्यंतच्या निम्म्या गल्लीला. मारुतीकडची निम्मी तशीच आहे.

खुंट

पलीकडे जाणारी वाहनं थांबवायला गल्लीच्या तोंडांवर खुंट उभे करायचे होते. पहिल्या नकाशात मी दोन तोंडं धरली, बाजाराकडचं आणि बौद्धपुऱ्याकडचं. कागदावर ते बरोबर दिसत होतं, दोन टोकं बांधली की मधला रस्ता शांत.

ग्रामसभेत बौद्धपुऱ्यातल्या अंगणवाडी सेविका उभ्या राहिल्या. “ताई, तुमच्या नकाशात आमच्याकडचं तोंड बंद दाखवलं हाये. १४ एप्रिलची मिरवणूक इकूनच येते. दवाखान्याची गाडी इकूनच येते. मंग आमी कुठून यायचं?”

मी म्हणाले की पायी माणसाला खुंट अडवत नाही. त्या म्हणाल्या, “आज खुंट हाये. उद्या फाटक होईन.”

मी गप्प बसले, कारण त्यांना जे माहीत होतं ते मला माहीत असूनही मी नकाशात धरलं नव्हतं. त्या तोंडातून मिरवणूक पहिल्यांदा आली तेव्हा माझे आजोबा पंच होते, आणि ती सुखासुखी आली नव्हती. गावातल्या रस्त्याचं एक तोंड उघडं असण्यामागे कुणाचा तरी लढा असतो. सार्वजनिक जागा आखणाऱ्याने रुंदी आणि उतार मोजायच्या आधी हे विचारलं पाहिजे. बौद्धपुऱ्याचं तोंड उघडं ठेवलं. खुंट फक्त बाजाराच्या बाजूला घेतला, आणि जिनिंगची वर्दळ तेवढ्यानेही थांबते का ते पाहायचं ठरवलं.

पंधरा दिवस बैलगाडीचं जुनं चाक आणि मातीने भरलेले दोन ड्रम ठेवून पाहिलं. पहिले तीन दिवस शिव्या. मग ऑटोवाले आखराच्या रस्त्याने वळून जायला लागले. मोटारसायकली कडेने निघतच होत्या, पण चाकाशी वेग मोडत होता, आणि तेवढं पुरेसं होतं. चाकाजवळ पोट्ट्यांनी गोट्यांसाठी गल कोरली तेव्हा कळलं की जमेल.

मग ड्रम काढून लोखंडी पाइपाचा खुंट बसवला, जमिनीतल्या नळीत उभा राहणारा, कुलूप काढलं की उचलून बाजूला ठेवता येणारा. किल्ल्या तीन: एक चक्कीवर, एक मोठ्या आईकडे, एक अंगणवाडी सेविकेकडे. आग, आजारपण, वरात, अंत्ययात्रा, यांना कुणाला विचारायचं नाही, किल्ली मागायची आणि काढायचा.

कापूस मात्र मी विसरले होते. दिवाळीनंतर वेचा सुरू झाला की भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस घरात भरून ठेवतो. माजघर, ओसरी, जिथे जागा तिथे. ट्रॅक्टर दाराशी आला नाही तर तो कापूस डोक्यावर वाहायचा. पहिल्याच हंगामात एका रात्री कोणीतरी कुलूप तोडून खुंट उपटून टाकला. मी ज्या घराचा संशय धरला होता त्या घरातल्या काकूंनी मला बोलावून ढीग दाखवला, छताला टेकलेला, आणि म्हणाल्या, “हे आता पाठीवर आनू काय?” त्यानंतर ठरलं की दसरा ते होळी खुंट दिवसा काढलेला राहील आणि दिवेलागणीला बसेल. संध्याकाळ पोरांची, दिवस कापसाचा.

त्याच रात्री उपटलेल्या खुंटाच्या नळीचं तोंड उघडं राहिलं आणि एका आजोबांचा पाय त्यात अडकून मुरगळला. नळीला झाकण हवं हे माझ्या नकाशात नव्हतं. ते नंतर बसवलं. आजोबा महिनाभर घरात होते, आणि मी त्यांना भेटायला गेले की ते मलाच चहाचा आग्रह करत. ते सोसणं मला फार जड गेलं.

कोंडवाडा

नऊ मीटर बाय बारा मीटरची ही जागा. मोकाट गुरं कोंडायची पद्धत गेली तसा कोंडवाडा पडला. पडक्या भिंती, गंजलेलं फाटक, कचरा आणि एक मोठा कडुनिंब. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ साली भारतात आले आणि तंजावर, बलरामपूर अशा जुन्या शहरांच्या गल्ल्या पायी हिंडले. नगरपालिका दाट वस्तीतून सरळ रस्ते कापायला निघाल्या होत्या. ते म्हणत की दोन-चार पडकी घरं काढा, तिथे लहानसा चौक मोकळा करा, झाड लावा, बाकी वस्तीला हात लावू नका. वस्ती जपून केलेली शस्त्रक्रिया, असा त्यांचा विचार होता. आमच्याकडे पडकं आधीच होतं आणि झाडही आधीच होतं. शस्त्रक्रिया म्हणावी असं काही उरलं नव्हतं, तारेचं कुंपण न घालणं एवढंच.

उद्यानाबद्दल पुरुषांशी बोलणं ग्रामसभेत झालं. बायकांशी बोलायला मी रात्री नऊनंतर गेले, भांडी झाल्यावर, मोठ्या आईच्या मागच्या अंगणात. तिथे मला या सगळ्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट कळली.

मी ओट्याबद्दल फार जिव्हाळ्याने बोलत होते. ओटे परत मिळतील, लोक परत दारात बसतील. एक वहिनी, लग्नाला सहा वर्षं झालेली, ऐकून म्हणाली, “ताई, ओट्यावर मामाजी बसतात. आमी कधी बसलो तिथं?” बाकीच्या हसल्या, पण मान सगळ्यांनी हलवली. ओटा सासऱ्याचा, मग सासूचा, माहेरी आलेल्या लेकीचा. सुनेला ओटा नव्हता. माझ्या आठवणीतली खालची पायरी माझी होती, कारण मी त्या घरची लेक होते. त्याच घरच्या सुना तेव्हा चुलीपाशी होत्या, हे मी इतक्या वर्षांत आठवूनही पाहिलं नव्हतं.

म्हणजे ओटे वर काढून काम निम्मंच होणार होतं. सुनांना घराच्या दारापासून थोडं दूर, पण हाकेच्या अंतरावर जागा हवी होती, आणि तिथे बसायला काहीतरी कारण हवं होतं. नुसतं बसायला जाते म्हटलं तर कोणी जाऊ देत नाही. कारणं त्यांनीच काढली. चैत्र-वैशाखात कुरड्या, पापड, सरगुंडे वाळवायला सपाट, स्वच्छ, उन्हाची जागा. तुरीची डाळ पाखडायला वाऱ्याची जागा. अंगणवाडीतून लेकरू आणताना पाच मिनिटं टेकायला सावली. आणि पानठेल्यावरून दिसणार नाही अशी बसायची बाजू. कोंडवाड्याच्या समोरच पानठेला आहे, तिथे खर्रा घोटत बसलेले दहा जण कायम असतात.

पानठेला हलवायची मागणी झाली. मी ती धरली नाही. तो एका विधवा बाईच्या मुलाचा आहे, आणि रात्री त्याचा दिवा चालू असतो म्हणून ती जागा सुनसान नसते. त्याच्या बाजूला सव्वा मीटर उंचीची भिंत घेतली आणि बसायचा कट्टा तिच्या आतल्या अंगाला, पाठ ठेल्याकडे होईल असा. बसलेली बाई ठेल्यावरून दिसत नाही, उभी राहिली की दिसते, आणि हाक मारली तर ऐकू जाते. यायला-जायला दोन वाटा ठेवल्या, म्हणजे कुणी एकीकडून आलं तर दुसरीकडून निघता येतं. निंबाखाली शहाबादी फरशी लावली नाही, मोठं आळं सोडलं. उन्हाच्या निम्म्यात फरशी. एक नळ, त्याखाली हंडा टेकेल असा उंच ओटा. दिवा झाडाच्या खाली घेतला, कारण वर लावलेला दिवा पानांतच अडकतो. व्यायामाची यंत्रं आणि अक्षरं वगळली. सरपंच अक्षरांसाठी थोडे दिवस नाराज होते.

काय राहिलं

काम होऊन दुसरा पावसाळा गेला. अकरापैकी पाच ओट्यांवरच्या पाळी लोकांनी स्वतः काढल्या. दोघांनी जाळ्या काढायला साफ नकार दिला, आणि त्याचं कारण पाणी नव्हतं. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं आली, तेव्हापासून लोकांना भीती आहे की ओटा हद्दीबाहेर धरला तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ते अतिक्रमण ठरेल. म्हणून कडेला जाळी लावून तो ‘घरात’ घ्यायचा. गल्लीला धरून ठेवणारी जी कड, तिचीच कागदावर जागा नाही. गावठाणातल्या जुन्या ओट्यांना ओटा म्हणूनच नोंद मिळाली पाहिजे, बांधकाम म्हणून नाही आणि अतिक्रमण म्हणूनही नाही, असं माझं मत आहे. यासाठी मी ग्रामपंचायतीकडून ठराव करून घेतला. त्याचं पुढे काही झालेलं नाही.

खाली उतरलेली निम्मी गल्ली आणि मारुतीकडची उंच निम्मी यांच्या सांध्यावर उतार आहे. वरचं पाणी सगळं खाली येतं. त्या सांध्यावर जाळीची आडवी नाली घेतली, ती दर पावसाआधी साफ करावी लागते. दोनदा झाली नाही आणि दोन घरांत पाणी गेलं. कोंडवाड्यात मे महिन्यात वाळवणासाठी जागा पुरत नाही, आता घराघरांचे दिवस ठरलेत. दुपारी साडेतीनला अंगणवाडी सुटली की कट्ट्यावर पाच-सात सुना असतात. ठेल्यावरून कुणी काही बोललं अशी तक्रार एकदा आली, ती ठेल्यावाल्या पोरानेच मिटवली. या वर्षी भुलाबाई कोंडवाड्यात बसली आणि बौद्धपुऱ्यातल्या चार पोरी गाण्याला आल्या. पुढच्या घरच्या एका आजीने आपल्या नातीला लगेच घरी बोलावून घेतलं, बाकीच्या बसल्या. खिरापतीच्या एका डब्यात मुरमुऱ्याचा चिवडा होता, तो कोणालाच ओळखता आला नाही.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री अकराला मोठ्या आईचा फोन आला. मला वाटलं घरात पाणी शिरलं. ती म्हणाली, “खालच्या पायरीच्या खालीच राह्यलं व. मी कंदील घेऊन पाह्यलं.” मग तिने विचारलं की तीन सेंटिमीटर मी कुठे सोडले, कारण खालची पायरी तिला आठवते त्यापेक्षा बुटकी वाटते. तिचं बरोबर आहे, ती तितकीच बुटकी आहे.

मारुतीकडच्या निम्म्या गल्लीसाठी यंदाच्या विकास आराखड्यात जी ओळ आली आहे ती अशी: अस्तित्वातील रस्त्यावर १० सेंटिमीटर सिमेंट काँक्रीट करणे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तिच्यावर हरकत घ्यायची आहे. अर्ज अंगणवाडी सेविकेने लिहिला. त्याला त्या गल्लीतल्या नऊ दारांचे फोटो जोडले आहेत, प्रत्येक उंबऱ्यापाशी खडूने उंची लिहिलेली, आणि नऊपैकी सहा सह्या सुनांच्या आहेत.